निळ्या दगडाची पारख आणि त्याचे मोल

गोमंतकातील विद्यार्थ्यांसमोर ‘खनिज’ हा शब्द उच्चारला की त्यांच्या डोळ्यांपुढे तांबडी माती उभी राहते. डिचोली-सांगे भागातील खाणी, रस्त्यावर उडणारी लाल धूळ आणि मांडवी-जुवारीच्या पात्रांतून मुरगाव बंदराकडे माल वाहून नेणाऱ्या बार्जी, हे चित्र आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले. या खनिजाचे मोल ठरविण्याची रीत सरळ असते. त्यात लोखंडाचे शेकडा प्रमाण किती आणि माल किती टन, एवढे कळले म्हणजे हिशेब पुरा होतो. एका ढिगातील ढेकूळ आणि शेजारचे ढेकूळ यांत भेद करण्याचे कारण कोणालाही पडत नाही.

परंतु पृथ्वीच्या पोटात अशीही काही खनिजे आहेत की ज्यांचा हिशेब टनांनी होत नाही, शेरांनी होत नाही आणि रत्नांप्रमाणे रतीनेही होत नाही. त्यांचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पाहावा लागतो, प्रथम ओळखावा लागतो आणि मगच त्याचे मोल बोलता येते. अशा एका दुर्मिळ सिलिकेट खनिजाचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आमचा विचार आहे. त्याचे नाव कॅव्हन्साइट. त्याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध स्थान अमेरिकेत नाही की युरोपात नाही. ते पुण्याच्या पूर्वेस, अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघोली येथे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्रथम नावाचा उलगडा करू. कॅव्हन्साइट हे नाव कोणा राजाचे वा संशोधकाचे नव्हे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांची सांधणी करून ते बनविले आहे. नाव म्हणजेच घटकांची यादी. सिलिकेट म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. भूकवचात सर्वांत अधिक प्रमाणात ऑक्सिजन व त्याच्या खालोखाल सिलिकॉन ही मूलद्रव्ये आढळतात. एका सिलिकॉनच्या अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चार कोपऱ्यांवर बसतात आणि ही चौकोनी नव्हे, तर चतुष्फलकी वीट तयार होते. अशा विटा एकमेकींना निरनिराळ्या रीतींनी जोडून निसर्गाने अभ्रकापासून फेल्स्पारपर्यंत असंख्य सिलिकेट खनिजे रचिली आहेत. कॅव्हन्साइटमध्ये या विटांचे थर असतात, त्या थरांना व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांचे दुवे सांधून धरतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत कॅल्शियम व पाण्याचे रेणू वस्ती करतात. दगडात पाणी असते, हे ऐकून नवल वाटेल. पण ते पाणी ओलाव्याचे नसून रचनेचाच एक भाग असते.

हे खनिज १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मॅल्हूर परगण्यात प्रथम सापडले आणि १९७३ साली स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे या शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. तेथील नमुने लहान आणि संख्येने अल्प होते. पुढे वाघोलीच्या दगडखाणींतून, विशेषतः १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, असे देखणे नमुने बाहेर येऊ लागले की खनिजसंग्राहकांच्या जगात वाघोली हे नाव सर्वतोमुखी झाले. आज अनेक देशांच्या संग्रहालयांत निळ्या दगडाखालच्या चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे, महाराष्ट्र’ हे शब्द लिहिलेले असतात.

वाघोलीलाच हे खनिज का सापडावे? याचे उत्तर शोधावयाचे तर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे मागे जावे लागेल. त्या काळी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडले, थरावर थर साचले आणि आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापणारा काळ्या बेसाल्टाचा दख्खनचा प्रस्तर निर्माण झाला. पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या डोंगरांमुळे त्यास ‘ट्रॅप’ हे नाव पडले. स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रॅपा’ म्हणतात. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. बेळगावच्या परिसरात हा प्रस्तर संपत येतो. आमच्या कोंकणीत ज्याला ‘फातर’ म्हणतात तो गोव्याच्या बहुतेक भागात जांभा किंवा त्याहून पुरातन असा खडक असतो. म्हणून घराचा पाया खणताना अशा स्फटिकांची अपेक्षा आमच्या वाचकांनी न केलेली बरी.

लाव्हारस थंड होताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पडले व खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून व भेगांतून उष्ण पाणी झिरपले. त्या पाण्याने खडकातील द्रव्ये विरघळवून घेतली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने पुन्हा मांडून ठेवली. अशा रीतीने स्टिल्बाइट, ह्युलँडाइट इत्यादी झिओलाइट खनिजे, तसेच ॲपोफिलाइट, कॅल्साइट व गारगोटी यांनी या पोकळ्या भरल्या. ‘झिओलाइट’ म्हणजे ‘उकळणारा दगड’. तापविला असता त्यातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते, हे पाहून स्वीडनच्या क्रॉन्स्टेटने १७५६ साली हे नाव योजिले. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचे बोगदे व खोदाई चालू असताना निघालेले असे सुंदर स्फटिक त्या काळीच विलायतेस पोहोचले होते. झिओलाइट दख्खनला दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ आहे तो त्यांच्या पांढऱ्या गालिच्यावर क्वचित बसलेला निळा गोळा.

हा निळा रंग व्हॅनेडियमचा. मेक्सिकोत डेल रिओ यांनी १८०१ साली हा धातू प्रथम ओळखला. परंतु त्यांचा शोध मान्य झाला नाही आणि १८३० साली स्वीडनमध्ये सेफस्ट्रम यांनी तो पुन्हा शोधून काढला. त्याच्या संयुगांचे रंग इतके मोहक की उत्तर युरोपातील सौंदर्यदेवता व्हॅनाडिस हिचे नाव त्यास मिळाले. बेसाल्टात व्हॅनेडियम असते, पण अत्यल्प. ते पाण्याने गोळा करावे, त्यास कॅल्शियम व सिलिका यांची योग्य संगत लाभावी आणि ही सारी मंडळी योग्य अवस्थेत एकाच पोकळीत भेटावीत, असा योग फार क्वचित जुळून येतो. दुर्मिळतेचे रहस्य हेच.

आता पारखीकडे वळू. समजा, आपल्या हाती पांढऱ्या स्फटिकांवर बसलेला निळा गोळा आला. तो कॅव्हन्साइटच कशावरून? न्यायालयात जसा एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देत नाहीत, तसाच दगडाचा निकालही एका लक्षणावर देऊ नये. आणि साक्षी घेण्याचाही एक क्रम असतो. ज्या परीक्षेने नमुन्यास इजा होत नाही ती आधी, इजा करणारी सर्वांत शेवटी, आणि तीही सुट्या पडलेल्या कणावर, हा तो क्रम होय.

पहिली परीक्षा डोळ्यांची व भिंगाची. दहापट मोठे दाखविणारे भिंग पुरेसे आहे. कॅव्हन्साइटचा रंग गडद निळा ते किंचित हिरवट निळा, चमक काचेसारखी. त्याचे बारीक लांबट स्फटिक एका केंद्रापासून सर्व दिशांना पसरून हरभऱ्याएवढे किंवा बोराएवढे गोळे व फुले तयार करतात. गोळा फुटला असेल तर आतील अरीय मांडणी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते. रंग एकसारखा ‘माखलेला’ दिसला आणि भेगांत अधिक गडद झालेला आढळला, तर तो बाहेरून दिलेला रंग असण्याचा संशय घ्यावा.

दुसरी साक्ष शेजाऱ्यांची. माणसाची जशी संगतीवरून, तशीच खनिजाची परीक्षा सहवासावरून होते. निळ्या गोळ्याखाली स्टिल्बाइटचे वा ह्युलँडाइटचे स्फटिक व त्याखाली बेसाल्ट असेल तर ती अनुकूल साक्ष होय. उलट हिरव्या मॅलाकाइटच्या संगतीत बसलेला निळा दगड बहुधा ॲझुराइट, म्हणजे तांब्याचे कार्बोनेट असावयाचा.

तिसरी परीक्षा कसाची. सोनार कसोटीवर सोन्याची रेघ ओढून पाहतो, तसेच झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर खनिज घासून जी रेघ उमटते तिला कस म्हणतात. कॅव्हन्साइटचा कस निळसर पांढरा असतो. परंतु ही परीक्षा नमुना झिजविते. सबब ती केवळ सुट्या तुकड्यासाठीच राखावी.

चौथी परीक्षा कठिनतेची. मोस यांच्या १ ते १० अंकांच्या मापनात कॅव्हन्साइटची कठिनता ३ ते ४ भरते. नखाने त्यावर ओरखडा उठत नाही, पण चाकूच्या पात्याने उठतो. येथे सावध राहिले पाहिजे, कारण ॲझुराइटची कठिनताही साडेतीन ते चार असते. ही साक्ष त्या दोघांत निवाडा करू शकत नाही.

पाचवी परीक्षा आर्किमिडीजची, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाची. सुटा तुकडा प्रथम हवेत व मग पाण्यात बुडवून तोलावा. हवेतील वजनास वजनातील घटीने भागावे. समजा, तुकडा हवेत २.३ ग्रॅम व पाण्यात १.३ ग्रॅम भरला. घट १ ग्रॅम. म्हणून विशिष्ट गुरुत्व २.३. कॅव्हन्साइटचे विशिष्ट गुरुत्व २.२ ते २.३च्या आसपास असल्याने हा आकडा जुळतो. ॲझुराइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.८ असते; तेवढ्याच वजनाच्या ॲझुराइटची घट ०.६ ग्रॅमच भरली असती. कठिनतेने जो निवाडा केला नाही तो तराजूने केला. मात्र गोळ्याच्या स्फटिकांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा खोटा येतो; म्हणून तुकडा पाण्यात नीट भिजवून, बुडबुडे झटकून मग तोलावा.

तर मग तराजूचीच साक्ष पुरेशी का मानू नये? कारण मोरचूदही निळाच असतो, आणि त्याचे विशिष्ट गुरुत्वही सुमारे २.३च भरते! येथे तराजू फसतो. पण मोरचूद पाण्यात विरघळतो व पाणी निळे करतो. कॅव्हन्साइट विरघळत नाही. (मोरचूद विषारी आहे, कोणताही अनोळखी दगड चाखून पाहू नये.) ॲझुराइटचा कण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर कार्बोनेट असल्यामुळे तो फसफसतो. ही परीक्षा प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. अशा रीतीने एक साक्षीदार जेथे मुका ठरतो तेथे दुसरा बोलतो, आणि सर्वांचे म्हणणे जुळले म्हणजेच निर्णय टिकतो.

इतके करूनही एक शंका शिल्लक राहते. कॅव्हन्साइटला पेंटागोनाइट नावाचा एक जुळा भाऊ आहे. दोघांचे घटक तेच, त्यांचे प्रमाणही तेच. भेद आहे तो केवळ मांडणीचा. कॅव्हन्साइटच्या थरांत सिलिकेटच्या विटा चार-चार व आठ-आठ जणींची कडी करून उभ्या राहतात, तर पेंटागोनाइटच्या थरांत सहा-सहा जणींची. तीच अक्षरे निराळ्या क्रमाने लिहिली असता निराळा शब्द व्हावा, तसा हा प्रकार आहे. पेंटागोनाइटचे सुया-काड्यांसारखे स्फटिक जोडीने वाढून त्यांच्या आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. त्याच्या नावातील ‘पंचकोन’ त्यावरूनच आला. वाघोलीस तोही सापडतो आणि कॅव्हन्साइटपेक्षाही दुर्मिळ मानला जातो. जेथे भिंगाला निवाडा करता येत नाही, तेथे क्ष-किरणांच्या साहाय्याने अणूंची मांडणी तपासावी लागते. दुसरा मार्ग आपल्या देशात उगम पावलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम शोधून काढला व ज्यासाठी १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या आधारे आज जगभर खनिजे ओळखली जातात. एकरंगी प्रकाश नमुन्यावर टाकला असता परतणाऱ्या प्रकाशात जे सूक्ष्म बदल होतात ते प्रत्येक खनिजाचे स्वतंत्र असतात. यात नमुन्याचा कणही खर्ची पडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

ओळख पटली, आता मोल. कॅव्हन्साइट दागिन्यात जडविण्याजोगे नाही. ते मऊ, ठिसूळ व बारीक स्फटिकांचे बनलेले असते. त्यास पैलू पाडावयाचे म्हटले तर त्याचा चुरा व्हावयाचा. व्हॅनेडियम पोलादास बळकटी देते, हे खरे; पण त्यासाठी हे खनिज वितळवावे तर हाती चिमूटभर धातूही लागणार नाही. म्हणजे उपयोगाच्या बाजारात त्याची किंमत शून्य. त्याचे सारे मोल आहे ते नमुना म्हणून, निसर्गाने जसे घडविले तसे अखंड असण्यात.

असे मोल ठरविताना जाणकार पुढील गोष्टी पाहतात. रंग किती तेजस्वी आहे. गोळा केवढा व किती सुडौल आहे. स्फटिकांची टोके अभंग आहेत की घासली गेली आहेत. निळा गोळा पांढऱ्या स्टिल्बाइटवर उठून दिसेल अशा जागी बसला आहे की कोपऱ्यात दडला आहे. लहान पण निर्दोष नमुना हा मोठ्या पण फुटक्या नमुन्यापेक्षा वरचढ ठरतो. येथे वजनाचा नियम चालत नाही. दोन तुकडे एकाच वजनाचे व एकाच खाणीचे असूनही त्यांच्या मोलात जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

जेथे मोल, तेथे लबाडीही आलीच. सुटा पडलेला गोळा दुसऱ्याच स्टिल्बाइटवर चिकटवून तो मूळचाच असल्याचे भासविले जाते. अशा वेळी गोळ्याच्या बुडाशी भिंग धरावे. जेथे निसर्गाने जोडले आहे तेथे निळे व पांढरे स्फटिक एकमेकांत शिरलेले दिसतात. जेथे माणसाने जोडले आहे तेथे डिंकाची पातळ चकाकती कड, किंवा खाली चेंगरलेले पांढरे स्फटिक आढळतात. दुरुस्ती केलेला नमुना विकणे हा अपराध नव्हे. ती लपविणे हा मात्र आहे.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुन्याचे अर्धे मोल त्याच्यासोबतच्या चिठ्ठीत असते. आम्ही भाषा शिकविणारे शिक्षक. एखादे वाक्य ग्रंथातून तोडून काढले आणि तो ग्रंथ कोणता हे हरवले, तर त्या वाक्याचा अर्थ कसा पांगळा होतो, हे आम्ही नित्य पाहतो. दगडाचेही तसेच आहे. तो कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, कोणत्या सोबत्यांसह आणि कधी निघाला, हे ठाऊक असेल तर तो भूगर्भाच्या इतिहासाचे एक पान असतो. ठाऊक नसेल तर तो केवळ शोभेची वस्तू. आणि हे ज्ञान एकदा हरवले की ते कोणत्याही क्ष-किरणाने पुरतेपणी परत आणता येत नाही.

वाघोलीच्या खाणी स्फटिकांसाठी काढलेल्या नव्हत्या. त्या रस्त्यांना व घरांना लागणाऱ्या खडीसाठी काढलेल्या होत्या. सुरुंग उडतो, शिळा फुटतात आणि त्या चक्कीत जातात. चक्कीला निळे व काळे सारखेच. त्या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो दगड फोडणारा कामगार. त्याची नजर पडली, त्याने हात घातला व तुकडा बाजूस ठेविला, तर तो वाचतो. नाहीतर ६ कोटी वर्षे जपलेले फूल क्षणात खडी होऊन डांबराखाली जाते. परदेशच्या संग्रहालयातील चिठ्ठीवर गावाचे नाव असते, खनिजाचे असते, कधी देणगीदाराचेही असते. ज्याच्या नजरेने ते वाचले त्याचे मात्र नसते. मोल ठरविणाऱ्यांच्या रांगेत तो पहिला, आणि मोल मिळणाऱ्यांच्या रांगेत बहुधा शेवटचा. ज्ञान ज्याच्यापाशी असते त्याच्याकडेच किंमत जाते, हा जगाचा रोकडा व्यवहार आहे. म्हणूनच ते ज्ञान खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचणे ही दयेची नव्हे, न्यायाची गोष्ट होय.

वाघोली आज पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली आहे व तेथे इमारतींची दाटी झाली आहे. एकदा खाण बुजून तिच्यावर वस्ती झाली, की तेथला नवा नमुना मिळणे संपले. मग जे नमुने चिठ्ठीसह जपले गेले तेवढेच त्या स्थळाचे साक्षीदार उरतील. अशी खनिजे पाहण्याची ज्यांस इच्छा असेल त्यांनी नाशिकजवळ सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयास सहलीच्या निमित्ताने अवश्य भेट द्यावी. चालू खाणीत मात्र परवानगीवाचून व जाणत्या माणसावाचून कोणीही पाऊल ठेवू नये.

आमच्या वाचकांस कॅव्हन्साइट सापडेल असे आश्वासन आम्ही देत नाही. पण ही शिस्त जांभ्याच्या चिऱ्यासही लागू पडते. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावचा एक दगड आणावा आणि एका कार्डावर पाच ओळी लिहाव्यात: दगडाचे नाव, सापडल्याचे नेमके ठिकाण, तारीख, सोबत आढळलेले इतर दगड, आणि ओळख कोणकोणत्या परीक्षांवरून पटविली ते. नाव ठाऊक नसेल तर ती ओळ कोरी ठेवावी, तर्काने भरू नये. कोरी ओळ पुढे कोणीतरी भरू शकतो, चुकीची ओळ मात्र पुढच्या दहाजणांस फसविते. शाळेच्या कपाटात असे पन्नास दगड कार्डांसह जमले, तर बाजारात त्यांस कोणी कवडीही देणार नाही. तरी आपल्या गावच्या भूमीचा तो पहिला विश्वासार्ह ग्रंथ ठरेल.